संज्ञापनाची पदवी कशासाठीं?

बारावीचा निकाल लागला म्हणजे पुसदच्या सुशिक्षित घरांतून वैद्यक, अभियांत्रिकी आणि शिक्षकी पेशा यांचा ऊहापोह सुरू होतो. अशा वेळीं एखाद्या मुलीनें जनसंज्ञापनाची पदवी घेण्याचा मनोदय बोलून दाखविला, तर वडीलमंडळींस प्रश्न पडतो कीं, बोलावयास तर सर्वांनाच येतें. त्यासाठीं कॉलेजांत तीन वर्षें कशाला घालवावयाचीं? शंका अगदींच गैर नाहीं. पण तिचें उत्तर दूर शोधावयास नको.

२०१७ सालच्या हंगामांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडले आणि वीसाहून अधिक माणसें दगावलीं. कारणें अनेक होतीं. पीक नेहमींपेक्षां उंच वाढलें होतें, औषधें एकांत एक मिसळलीं जात होतीं, पुष्कळांच्या तोंडाला व हातांना कसलेंच संरक्षण नव्हतें. मग इशारा दिलेला नव्हता काय? होता. कायद्याप्रमाणें कीटकनाशकाच्या डब्यावर रंगाची खूण असतेच : तांबडा रंग अत्यंत जहाल विषाचा, पिवळा जहाल विषाचा, निळा मध्यम विषाचा आणि हिरवा सौम्य विषाचा. परंतु हिरवा रंग म्हणजे निर्धोक, असाच समज साधा माणूस करून घेणार. आणि बारीक टायपांतील माहितीपत्रक शेतांत उभें राहून कोण वाचणार? मजकूर छापला गेला होता, पण ज्याच्या जिवाशीं गांठ होती त्याच्यापर्यंत तो पोंचला नव्हता. छापणें आणि पोंचणें यांमध्यें जें अंतर असतें, त्याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे संज्ञापनशास्त्र.

या शास्त्राचे मूळ प्रश्न सोपे आहेत. हॅरॉल्ड लास्वेल या अमेरिकन पंडितानें ते १९४८ सालीं असे मांडले : कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या साधनानें, कोणाशीं, आणि परिणाम काय होतो? आपण बहुधा पहिल्या तीन प्रश्नांपाशींच थांबतों. पुसदच्या विद्यार्थ्याला मात्र चौथा प्रश्न टाळतां येत नाहीं. त्याच्या परिसरांत शेतकरी वऱ्हाडी बोलतो, तांड्यावर बंजारा बोली चालते आणि जिल्ह्याच्या इतर भागांत गोंडी व कोलामी ऐकूं येतात. प्रमाण मराठींतील एकच पत्रक या सर्वांना सारखेंच कळेल, असें मानणें भाबडेपणाचें होय.

पांचव्या प्रश्नाचें, म्हणजे परिणामाचें, एक उत्तम उदाहरण नभोवाणीनेंच घालून दिलें आहे. १९५६ सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें खेड्यांत श्रोत्यांचे गट स्थापिले. हे गट आठवड्यांतून दोनदां शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, लागलीच त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे धाडीत. टाटा समाजविज्ञान संस्थेनें या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हां इतर गांवांपेक्षां गट असलेल्या गांवांतील लोकांच्या ज्ञानांत ठळक वाढ दिसून आली. नुसतें ऐकविणें पुरत नाहीं. ऐकणाराला बोलूंही द्यावें लागतें, हाच त्याचा बोध.

पदवीच्या अभ्यासक्रमांत वृत्तलेखन, संपादन, अनुवाद, ध्वनिमुद्रण, चित्रण, जाहिरात, जनसंपर्क, वृत्तविषयक कायदे आणि लोकमताच्या पाहणीची पद्धति हे विषय येतात. पूर्वीं हें शिक्षण मुख्यतः पदवीनंतरचें असे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांत तें १९५२ सालीं, तर पुणें विद्यापीठांत १९६४ सालीं सुरू झालें. आतां बारावीनंतरच तें घेतां येतें. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें चौथें वर्षही जोडतां येतें. ज्यांना गांव सोडणें शक्य नाहीं त्यांना नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा मार्ग मोकळा आहे, आणि पदवीनंतर पुढें शिकावयाचें तर भारतीय जनसंचार संस्थेचें केंद्र २०११ पासून अमरावतीस आहे.

प्रवेश घेण्यापूर्वीं कॉलेजाच्या इमारतीपेक्षां तेथील कामाची चौकशी करावी. विद्यार्थी स्वतः वृत्तपत्र काढतात काय? ध्वनिमुद्रणाची खोली त्यांच्या हातीं येते काय? त्यांना खेड्यांत पाठवितात काय? हेंही ध्यानांत ठेवावें कीं, पत्रकार होण्यास आपल्या देशांत पदवीचें कायदेशीर बंधन नाहीं, आणि छोट्या गांवच्या वार्ताहरास मिळणारा मोबदला बहुधा तुटपुंजाच असतो. झटपट पैसा व कीर्ति हवी असणारानें या वाटेस न जाणेंच बरें.

कोणी म्हणेल, गाडगेबाबांजवळ कोणती पदवी होती? ते वऱ्हाडी बोलींत कीर्तन करीत, श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. बरोबर आहे, पण जें त्यांना उपजत साधलें, तें आपल्यासारख्यांस अभ्यासानेंच मिळवावें लागतें. त्यांचें नांव धारण करणाऱ्या अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रांत ही जाणीव तरी असावयास हवी.

निर्णयापूर्वीं एक सोपी कसोटी घ्यावी. मुलीला एखादी सरकारी सूचना द्यावी, ती ओळखीच्या पांच घरीं तिच्या शब्दांत समजावून सांगावयास लावावी, आणि आठ दिवसांनीं तेथें कोणाच्या काय लक्षांत राहिलें तें विचारून यावयास सांगावें. उत्तरें ऐकून ती खट्टू न होतां 'आतां निराळ्या रीतीनें सांगून पाहतें' असें म्हणाली, तर तिला खुशाल या अभ्यासाला पाठवावें.