जुन्या मोटारीचा विमा



दत्तजयंतीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतील सारंगखेड्यास, तापीच्या कांठीं, घोड्यांचा बाजार भरतो. तेथें आलेला जाणता माणूस आयाळ पाहून पैसे मोजीत नाहीं. तो दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, जनावर चार पावलें चालवून पाहतो आणि मगच बोली करतो. हाच गृहस्थ जुनी मोटार घेण्यास निघाला म्हणजे मात्र रंगावर आणि आसनांच्या नव्या खोळींवर भुलतो. आणि विम्याचा कागद? तो पुढच्या कप्प्यांत कोठें तरी असेल, एवढ्यावर त्याचें समाधान होतें. आज मी बोलणार आहें तें मुख्यत्वें या कागदाविषयीं.

जुनी मोटार म्हणजे राजेरजवाड्यांच्या आवारांत झांकून ठेवलेली मोटार नव्हे. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं २०२१ पासून केंद्र सरकारचे स्वतंत्र नियम आहेत. पण त्या गाड्या रोज वापरण्याच्या नव्हेत, आणि आपल्या खिशाच्याही नव्हेत. नंदुरबार, शहादा, तळोदा या गांवीं जुनी मोटार म्हणजे बहुधा मारुति ८००. डिसेंबर १९८३ मध्यें पहिली गाडी ग्राहकाच्या हातीं गेली आणि जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. क्वचित् एखाद्या अंगणांत प्रीमियर पद्मिनीही दिसते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीची ही गाडी. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून उतरली. अशा गाड्या एखाद-दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनांत मिळूं शकतात, आणि नेमका येथेंच माणूस फसतो.

पंधरा वर्षें झालीं कीं खाजगी गाडीची नोंदणी संपते; मग तपासणी करवून ती पांच-पांच वर्षांसाठीं नवी करावी लागते. लोक यास ‘पासिंग’ म्हणतात. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठीं ही फी ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांपुढील मोटारीस १०,००० रुपये ठरली. पर्यावरण कर त्याहून निराळा. तेव्हां किंमत ठरवितांना पासिंग केव्हां संपतें तें आधीं पाहावें. दिल्ली परिसरांतील वयाचे निर्बंध आपल्याकडे लागू नाहींत. उगीच घाबरवून गाडी पाडून मागणारे दलाल मात्र पुष्कळ आहेत.

विकणारानेंही सावध असावें. पैसे हातीं आले, किल्ली दिली, सुटलों, असें होत नाहीं. फेब्रुवारी २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, गाडी विकलेली असली तरी परिवहन कार्यालयाच्या नोंदींत ज्याचें नांव असेल तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईचा बोजा त्याच्यावरच. घेणारानें १४ दिवसांच्या आंत विमा कंपनीसही कळवून पॉलिसीवर आपलें नांव चढवून घ्यावें.

आतां विमा. त्याचे दोन भाग आहेत, आणि बहुतेक घोटाळा हे दोन एकच समजल्यामुळें होतो. एक भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. दुसरा, आपल्या गाडीमुळें दुसऱ्याचें जें नुकसान होईल त्याचा. यास ‘थर्ड पार्टी’ म्हणतात, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमानें तो सक्तीचा आहे.

मीं स्वतः एकदां असा हिशेब केला होता कीं, चाळीस हजारांची गाडी, तिला कसला विमा! पॉलिसी संपून सतरा दिवस झाले होते. प्रकाशाच्या वाटेवर एक शाळकरी मुलगा सायकलवरून एकाएकीं आडवा आला. ब्रेक लागले. सायकलचें मागचें चाक वांकलें, मुलाचा गुडघा खरचटला, एवढ्यावर निभावलें. पण त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. वर्गांत चाळीस वर्षें गणित शिकविलें आणि स्वतःचेंच उदाहरण चुकविलें होतें. न्यायाधिकरण भरपाई ठरवितांना गाडीची किंमत पाहत नाहीं. अपघातांत सांपडलेल्या माणसाचें वय आणि त्याची कमाई पाहतें. चाळीस हजारांची गाडी चाळीस लाखांचें नुकसान करूं शकते, आणि विमा नसेल तर तें मालकाच्या घरादारांतून वसूल होतें. थर्ड पार्टीखालीं मृत्यु व दुखापतीच्या भरपाईस मर्यादा नाहीं. मालमत्तेच्या नुकसानीस खाजगी मोटारीपुरती साडेसात लाखांची मर्यादा आहे. जून २०२२ च्या दरपत्रकांत यासाठीं १,००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनास, म्हणजे मारुतीस, वर्षाला २,०९४ रुपये, आणि पद्मिनीसारख्या त्यावरील परंतु १,५०० पर्यंतच्या इंजिनास ३,४१६ रुपये ठरले, वर कर. दिवसाचे सहा रुपये धरा, नाहीं तर दहा. हा भाग एक दिवसही खंडित होऊं देऊं नये.

आपल्या गाडीच्या विम्याची गोष्ट उलटी आहे. पांच वर्षांपुढील गाडीची विमा-किंमत ठराविक कोष्टकानें न ठरतां कंपनी व मालक यांच्या संमतीनें ठरते. समजा, ती पन्नास हजार ठरली. दुरुस्तीचा खर्च या रकमेच्या ७५ टक्क्यांपुढें, म्हणजे साडेसदतीस हजारांपुढें गेला कीं गाडी पूर्ण निकामी धरली जाते. समोरून बरी टक्कर बसली तर तेवढा खर्च सहज होतो, आणि ज्या गाडीवर जीव जडला ती भंगाराच्या वाटेला लागते. लहान नुकसानीचाही हिशेब पाहा. दहा वर्षांपुढील गाडीच्या धातूच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांचीही निम्मी. कांचेची मात्र पूर्ण. बारा हजारांच्या बिलांत आठ हजारांचे पत्रे व चार हजारांची मजुरी असेल, तर हातीं येतात आठ हजार. त्यांतून मालकानें सोसावयाचे हजार वजा. आणि पुढील वर्षीं मिळणारी दावा न केल्याची सवलतही जाते. हप्ता किती, याच्याशीं हें ताडून पाहावें. गाडी रात्रीं रस्त्यावर उभी राहत असेल तर केवळ आग व चोरी यांपुरता विमा देतां का, असें कंपनीस विचारावें. स्वतःच्या अपघाताचा पंधरा लाखांचा विमा मात्र, अन्यत्र उतरविलेला नसेल, तर मालक-चालकानें घ्यावयाचाच आहे.

या हिशेबांतून जे पैसे वांचतात ते गाडींत घालावे, रंगांत नव्हे. टायरच्या कडेस चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन सालाचे. आपल्याकडील उन्हाळ्यांत रबर न झिजतांही तडकतें, म्हणून नुसती नक्षी पाहूं नये. हल्लीं पेट्रोलांत इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत असतें. जुन्या रबरी नळ्या त्यानें फुगतात व पाझरूं लागतात. त्या मिस्त्रीकडून बदलून घ्याव्या, आणि टांकी भरून गाडी महिनेच्या महिने उभी ठेवूं नये, कारण इथेनॉल पाणी ओढतें. ब्रेकचें तेलही हवेंतील पाणी ओढतें; दोन वर्षांनीं तें बदलावें. चांदसैलीच्या घाटांत सारखा ब्रेक दाबून उतरतांना असें पाणी धरलेलें तेल उकळतें, आणि पायाखालचा ब्रेक एकाएकीं पोकळ होतो.

एवढें केल्यावर मार्गशीर्षांतल्या एखाद्या सकाळीं शहाद्याहून तोरणमाळची वाट धरावी. सुमारें साडेअकराशे मीटर उंचीपर्यंतची ती चढण, जुनें इंजिन आपल्या गतीनें कुरकुरत चढत असतें. घाई केली तर पाण्याचा कांटा वर जातो. वाटेंत एकदां थांबून त्याला दम घेऊं द्यावा. वर यशवंत तलावाच्या कांठीं गाडी सावलींत लावून बॉनेट उघडें ठेवावें, आणि आपण डबा उघडावा. उतरतांना मात्र ज्या गियरमध्यें चढलों, त्याच गियरमध्यें उतरावें.