सरकत्या छताचे कापड : भाव मीटरचा, जोखीम टनांची

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जून ते सप्टेंबर उघड्या कोर्टावर खेळ बंद पडतो. म्हणून सरकत्या छताचे कापड आहे का, अशी विचारणा आमच्या दुकानी येते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे विंबल्डन असते. तेथे सेंटर कोर्टावर २००९ साली घडीचे छत आले, सुमारे १० मिनिटांत बंद होते. ते कापड आपल्या बाजारातले नव्हे.

आपले काम भागते पीव्हीसीचा लेप दिलेल्या पॉलिस्टरवर. सुती ताडपत्री भिजली की आकसते, बुरशी धरते. प्लास्टिकची विणलेली ताडपत्री स्वस्त खरी, पण ऊन आणि रोजची घडी तिला सोसत नाही.

शिवणीवर आम्ही एकदा सपशेल फसलो. डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाला कापड उत्तम दिले, पण पट्टे मशीनवर शिवून. सुईच्या भोकाभोकातून पाणी! पैसे परत करावे लागले. तेव्हापासून जोड गरम हवेने चिकटवूनच देतो.

आता वजन पाहा. टेनिस कोर्ट भोवतालच्या जागेसह सुमारे ६७० चौरस मीटर. त्यावर १ सेंटीमीटर पाणी साचले तर ६.७ टन झाले, आणि खाली मुले खेळत असतात. तेव्हा उतार किती, ताण किती, वादळात छत मिटवायचे केव्हा, हे सांगाड्याच्या इंजिनीअरकडून लिहून घ्यावे. व्यापारी बंधूंनी अंदाजाने बोलू नये. असा कागद नसेल तर आम्ही ऑर्डर घेत नाही. गेल्या पावसाळ्यात दोन गिऱ्हाइके त्यापायी शेजारच्या दुकानात गेली.