काट्यापासून सुरू झालेली ओळख

बाभळीचा काटा पायात मोडला की दुसऱ्या दिवशी ठणका लागतो, मग जागा पू धरते. राजगुरुनगर परिसरात, कांदा-बटाट्याच्या वावरात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. त्या पुवात कोण मरून पडलेलं असतं, याचा शोधही एका काट्यापासूनच पुढे सरकला.

१८८२ साली इटलीत मेसिना इथे इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. सकाळी बघतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! परक्याला गिळणाऱ्या या पेशी. मेचनिकॉफ यांचेच ओडेसातले विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन १८९६ मध्ये प्लेगच्या साथीत मुंबईला आले. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. धागा असा आपल्या दारापर्यंत येतो.

आपल्या रक्तातल्या अशा पांढऱ्या पेशी सगळ्या एका जातीच्या नाहीत, हे दाखवलं रंगांनी. पॉल एर्लिख यांनी १८७९च्या सुमारास रंग वापरून त्या वेगळ्या केल्या. १९०८चं नोबेल त्यांना आणि मेचनिकॉफ यांना विभागून मिळालं. १९०१ मध्ये लीशमन यांचा रंग आला आणि आपल्याकडच्या लॅबमध्ये कायमचा मुक्कामाला राहिला.

मी उमेदीची वर्षं याच रंगाच्या काचपट्ट्या बघण्यात घातली. पट्टीवर रंग ओतायचा, दोन मिनिटं थांबायचं, दुप्पट पाणी घालायचं, मग धुऊन वाळवायची. तेलाच्या भिंगाखाली शंभर पेशी मोजायच्या. न्यूट्रोफिलचं केंद्रक दोन ते पाच तुकड्यांचं, बारीक धाग्यांनी जोडलेलं. इओसिनोफिलमध्ये नारिंगी दाणे. लिम्फोसाइट म्हणजे मोठं गोल केंद्रक आणि भोवती निळी कड. मोनोसाइट सगळ्यांत थोराड, केंद्रक मूत्रपिंडाच्या आकाराचं. आता यंत्र मिनिटभरात आकडे देतं, पण शंका आली की पट्टीच बघावी लागते.

जखमेत मात्र नुसत्या रंगाने भागत नाही. तिथे काही तासांतच न्यूट्रोफिल धावून येतात, जंतू गिळतात आणि मरतात. पू बहुतांशी त्यांचाच. दोन-तीन दिवसांत मोनोसाइट रक्तातून उतरून मॅक्रोफेज होतात आणि ओळख बदलते. लिम्फोसाइट त्यामागून. १९७२ मध्ये सिम्पसन आणि रॉस यांनी गिनीपिगमधले न्यूट्रोफिल घटवले, तरी जंतू नसलेली जखम भरली. १९७५ मध्ये लीबोविच आणि रॉस यांनी मॅक्रोफेज घटवले, तेव्हा भरणं रखडलं. माझ्या मते या विषयातला खरा कलाटणीचा प्रयोग हाच. जखम साफ करणं आणि ती भरून आणायला लावणं, दोन्ही कामं मॅक्रोफेजची.

त्याच १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच खुणेला चिकटणारी प्रतिपिंडं बनवण्याची रीत दिली. त्यामुळे पुढे जखमेच्या तुकड्यात सीडी६८ या खुणेवरून मॅक्रोफेज आणि सीडी३ या खुणेवरून टी-लिम्फोसाइट वेगळे दाखवता येऊ लागले. मधुमेहात मॅक्रोफेज साफसफाईतच अडकून राहतात, भरणीच्या कामाला वळत नाहीत, हेही अशाच तपासण्यांतून कळलं.

चाकणच्या कारखान्यांत प्रेसवर हात कापलेल्यांना आणि शेतात पाय कापलेल्यांना म्हणून सांगणं आहे: धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आणि दोन आठवड्यांत जखम भरत नसेल तर नुसती पट्टी बदलत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, रक्तातली साखर तपासून घ्या.