आपण गोंड नाही, मग कचारगडला जावं का?

परवा आमच्या भटक्यांच्या ग्रुपवर एकीने हे विचारलं. माझं उत्तर : बिनधास्त जा!

कचारगड म्हणजे गोंडांची पवित्र गुहा. सालेकसा तालुक्यात दरेकसा स्टेशनला उतरा, धनेगाव गाठा. पुढे जंगलातून चढ.

गोंडी कथेनुसार या गुहेत कोंडलेल्या 33 मुलांना पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी सोडवलं. तोंडावरची शिळा हटवताना संगीतकार हिरासुका पाटालीर तिच्याखाली चिरडला. आत प्रचंड पोकळी आहे, छताच्या भोकातून ऊन थेट खाली उतरतं. मान वर करून बघतच राहावं.

आणि दुसऱ्यांच्या देवस्थानी जाण्यात वावगं काय? टोकियोतलं मेइजी जिंगू हे 1920 चं शिंतो देवस्थान. तिथेही शिंतो नसलेले हजारो लोक जातात. हात-तोंड धुऊन आत शिरायचं, धर्म कुणी विचारत नाही.

कचारगडची गुहा निवांत बघायची तर माघ पौर्णिमेची यात्रा टाळा. माणसं बघायची तर तेव्हाच जा. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातूनही लोक येतात. (मी यात्रेवालाच!)

पूजा सुरू असेल तर मोबाईल खिशात. कुणी ‘जय सेवा’ (गोंडांचा नमस्कार) म्हटलं की आपणही म्हणायचं.

आणखी काही विचारायचं असेल तर खाली विचारा.