बंद घराचा चालता मीटर

कोंकणांतील वडिलोपार्जित घराला कुलूप लावून मुंबईस बिऱ्हाड केलेल्या गृहस्थास मे महिन्याच्या सुटींत गांवीं गेल्यावर दाराच्या फटींतून आंत सरकविलेल्या कागदांचा लहानसा ढीग सांपडतो. त्यांत बहुतेक विजेचीं बिलें असतात. आठ महिने घरांत दिवा लागलेला नाहीं, पंखा फिरलेला नाहीं, आणि तरीहि शेवटच्या बिलावरचा आंकडा हजारांच्या घरांत गेलेला. अशा वेळीं मनांत पहिला विचार येतो तो हा कीं, जी वस्तु घेतलीच नाहीं तिचे पैसे मागणें ही उघड लूट आहे. दुसरा विचार याहून घातक, तो म्हणजे, "भरणारच नाहीं, काय करतात तें पाहूं." विजेच्या बिलांचीं जीं भांडणें वर्षानुवर्षें रेंगाळतात, त्यांतील पुष्कळांचें मूळ या दुसऱ्या विचारांत असतें.

पहिल्या विचारांत थोडें तथ्य आहे, पण थोडेंच. वीज पुरविणारी संस्था ग्राहकाला दोन गोष्टी विकते. एक, प्रत्यक्ष वापरलेली वीज. दुसरी, वाटेल त्या क्षणीं बटण दाबतांच वीज मिळेल अशी सिद्धता. या सिद्धतेसाठीं खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर आणि माणसें हीं बाराहि महिने राखावीं लागतात. म्हणून २००३ च्या विद्युत् अधिनियमाच्या ४५ व्या कलमानें वापराच्या आकाराखेरीज एक ठराविक आकार घेण्याची मुभा दिली आहे. बिलावर तो 'स्थिर आकार' या नांवानें छापलेला असतो, आणि महाराष्ट्रांत त्याचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. युनिटांच्या रकान्यांत शून्य असलें तरी हा आकार लागतोच. त्यावर वाद घालून वेळ दवडूं नये. वाद घालावयाचा तो त्याच्या खालच्या ओळींवर.

त्या ओळींपैकीं सर्वांत फसवी ओळ सरासरीची. मीटर वाचणारा मनुष्य आला, पण मीटर आंतल्या ओटीवर आणि ओटीच्या दाराला कुलूप. मग तो तसा शेरा मारून जातो आणि कचेरी मागील वापरावरून अंदाजाचें बिल पाठविते. नियमाप्रमाणें हें बिल तात्पुरतें असतें. पुढें खरें वाचन झालें म्हणजे अंदाजानें भरलेली रक्कम त्याशीं जुळवून घ्यावी लागते. समजा, घर बंद करतांना मीटरवर ४३१२ हा आंकडा होता आणि दरमहा साठ युनिटें या सरासरीनें आठ महिन्यांचीं बिलें निघालीं. म्हणजे कागदावर ४८० युनिटें खर्ची पडलीं. प्रत्यक्ष मीटरवर आज ४३१५ असेल, तर उरलेल्या ४७७ युनिटांची मागणी आपोआप गळून पडते. परंतु ती गळण्यासाठीं कोणीतरी तें वाचन कचेरीच्या दप्तरांत नोंदवून घेतलें पाहिजे. मीटरचा क्रमांक व आंकडा एकाच चौकटींत दिसेल असें तारखेसह छायाचित्र आणि सोबत दोन ओळींचा अर्ज, एवढ्यावर हें काम होतें. घर सोडतांना असें एक छायाचित्र काढून ठेविलें असेल तर काम अधिकच सोपें. पण कुलूप लावण्याच्या घाईंत तें कोणाला सुचतें?

याच्या उलटहि घडतें. कांहीं महिने वाचन न होतां एकदम सगळ्या युनिटांचें बिल एका महिन्यांत येतें. घरगुती दर टप्प्याटप्प्यानें चढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर सर्वांत कमी, मग तीनशेंपर्यंतचा निराळा, पांचशेंपर्यंतचा त्याहून अधिक. आठ महिन्यांचीं ४८० युनिटें एकाच महिन्याचीं समजलीं तर बरींचशीं वरच्या टप्प्यांत जातात. महिन्यागणिक विभागलीं तर सर्वच्या सर्व पहिल्या टप्प्यांत बसतात. हा विभागून हिशेब अर्जांत स्पष्ट शब्दांत मागावा.

आतां खरा पेंच. मीटर वाचला गेला आहे, अंदाज कोठेंच नाहीं, आणि तरीहि बंद घरांत युनिटें पडलीं आहेत. येथें कंपनीला दोष देण्यापूर्वीं घराची झडती घ्यावी. देवापुढें लावून ठेविलेला 'झिरो'चा दिवा नांवाप्रमाणें शून्य वीज घेत नाहीं. तो सुमारें पंधरा वॅट घेतो. पंधरा वॅट, चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला जवळजवळ अकरा युनिटें! इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली राखण्यांत, दूरदर्शन संचाच्या मिणमिणत्या तांबड्या दिव्यांत अशीच थोडथोडी वीज झिरपत असते.

झडतींत कांहीं सांपडलें नाहीं तर एक साधी परीक्षा आहे. हल्लींच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान दिवा लुकलुकतो, आणि किती लुकलुकींना एक युनिट तें मीटरवरच छापलेलें असतें. पुष्कळांवर ३२०० हा आंकडा आढळतो. घरांतील मुख्य स्विच बंद करून पांच-दहा मिनिटें त्या दिव्याकडे पाहावें. स्विच बंद असतांहि तो लुकलुकत राहिला, तर दोष मीटरमध्यें आहे किंवा मीटर व स्विच यांमधील तारेंत आहे. स्विच बंद करतांच तो थांबला व चालू करतांच पुन्हां सुरू झाला, तर विजेची वाट घराच्या आंत आहे. कधीं ओलसर भिंतींतून गळती होते. कधीं शेजारच्या घराची न्यूट्रल तार आपल्या तारेंत मिसळलेली असते. आजचे पुष्कळ मीटर जाणारा व परतणारा असे दोन्ही प्रवाह मोजतात आणि त्यांत जो अधिक तो धरतात. त्यामुळें शेजाऱ्याच्या पंख्याचा भार निमूटपणें आपल्या नांवावर चढतो. हें काम तारतंत्र्याचें आहे, कचेरीचें नव्हे. जुन्या तबकडीच्या मीटरांनाहि भाराशिवाय हळूहळू सरकण्याची खोड असे. ती मोडण्यासाठीं तबकडीला समोरासमोर दोन भोकें पाडीत.

मीटरच सदोष वाटला तर शुल्क भरून त्याची चांचणी मागतां येते. मात्र येथें विलंब नडतो. महाराष्ट्राच्या २०२१ च्या पुरवठा-संहितेप्रमाणें मीटर सदोष ठरल्यास बिलाची दुरुस्ती वाद निघाल्याच्या आधींच्या जास्तींत जास्त तीन महिन्यांपुरतीच होते. दीड वर्ष गप्प बसून मग तावातावानें उठणाराच्या पदरीं फार थोडें पडतें.

तक्रार चालू असतां वीज तोडतील ही भीति खरी आहे, पण तिच्यावर अधिनियमाच्या ५६ व्या कलमांतच उतारा ठेविला आहे. थकबाकीसाठीं जोडणी तोडण्यापूर्वीं पुरे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शिवाय मागितलेली रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या आकाराच्या सरासरीनें येणारी रक्कम, यांत जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत जोडणी तोडतां येत नाहीं. हा तोडगा फारच थोड्या घरांना ठाऊक आहे. त्याच कलमाप्रमाणें दोन वर्षांपूर्वींची रक्कम, ती बिलांत सतत थकबाकी म्हणून दाखविलेली नसेल तर, वसूल करतां येत नाहीं. तथापि चुकीनें राहून गेलेली रक्कम मागाहून लक्षांत आल्यास तिची पुरवणी मागणी करण्यास आडकाठी नाहीं, फक्त तिच्यासाठीं वीज तोडण्याचें हत्यार उपसतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२० मध्यें दिला.

कचेरीनें दाद दिली नाहीं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावें. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत. मंचानें साठ दिवसांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा असते, आणि तो मान्य नसल्यास पुढें साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे जातां येतें. त्याच्या कचेऱ्या मुंबईस व नागपुरास आहेत. अनधिकृत वापराचा आरोप असेल तर मात्र मार्ग निराळा: १२७ व्या कलमाखालीं तीस दिवसांत अपील, आणि तेंहि आकारलेल्या रकमेपैकीं निम्मी भरून.

राहिला तो "भरणारच नाहीं" असें म्हणणारा गृहस्थ. न भरल्यामुळें तुटलेली जोडणी म्हणजे बंद केलेली जोडणी नव्हे. थकबाकी त्या वास्तूवर बोजा म्हणून उभीच राहते. घर विकलें तर नव्या मालकाची जबाबदारी महाराष्ट्राच्या संहितेनें सहा महिन्यांच्या आकारापुरती मर्यादित केली आहे, परंतु वारसाला ही सवलत नाहीं. आजोबांच्या घराची थकबाकी नातवाकडे जशीच्या तशी येते. म्हणून घर वापरावयाचें नसेल तर जोडणी कायम बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा, त्याची पोंच घ्यावी, शेवटचें वाचन आपल्या समक्ष करवावें आणि अंतिम बिल भरून पावती जपून ठेवावी. अर्जानंतरहि बिलें येत राहिलीं तर ती पोंच हाच सर्वांत बळकट पुरावा.

जोडणी घेतांना भरलेली सुरक्षा-ठेवहि त्या वेळीं परत मागावी; ४७ व्या कलमाप्रमाणें तिच्यावर बँक-दरानें व्याज मिळतें. ती बहुधा घरांतील दिवंगत वडीलधाऱ्यांच्या नांवावर असते, म्हणून अर्ज करण्यापूर्वीं वारसाचे कागद देऊन बिलावरील नांव बदलून घ्यावें लागतें.