हळदीच्या मांडवातला गीतकार

ठाण्याचं गाण्यातलं नाव विचारलं की पहिले आठवतात पी. सावळाराम, आणि ते रास्तच आहे. १९१४ साली सांगलीकडच्या येडेनिपाणीत जन्मलेले हे कवी ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का' या गाण्यात शब्द त्यांचे, चाल वसंत प्रभूंची, गळा लता मंगेशकरांचा. मराठी भावगीत अशा तिघांच्या वाटणीतून घडलं आणि त्या वाटणीने आपल्याला फार मोठं धन दिलं. पण तिच्यामुळे कानाला एक सवयही जडली. लिहिणारा, चाल बांधणारा आणि गाणारा एकच असला की तो आपल्याला हौशी वाटू लागला. पुण्याच्या संदीप खरे यांनी सलील कुलकर्णींबरोबर २००३ साली 'आयुष्यावर बोलू काही' सुरू केलं, तेव्हा ही सवय थोडी सुटली. माझं म्हणणं असं, की ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या गावठाणांत ती कधी लागलीच नव्हती. तिथले गाणारे आपलं गाणं आपणच रचत आले. त्यांना गीतकार म्हणायला मात्र आपण कचरलो.

या गावठाणांतल्या आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण असते. विधीच्या टप्प्याटप्प्याला ती धवले, म्हणजे लग्नगीतं, गाते, आणि तिच्या गाण्यावाचून लग्न पुरं होत नाही. कोलशेत, बाळकुमपासून सोनारपाडा, निळज्यापर्यंत हळदीच्या रात्री जी गाणी वाजतात, त्यांची नाळ या मांडवाशी आहे. उरलेल्या महाराष्ट्राने कोळीगीत ऐकलं ते मुख्यतः शान्ता शेळके यांच्या शब्दांतून आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतून. 'मी डोलकर' हे त्याचं ठळक उदाहरण. ते गाणं अव्वलच आहे. पण खाडीकाठच्या माणसाने आपल्या बोलीत स्वतःबद्दल रचलेलं गाणं ही वेगळी गोष्ट, आणि तिची दखल उशिरा घेतली गेली. आगरी-कोळी गीतांचे गायक संतोष चौधरी ऊर्फ दादूस २०२१ साली 'बिग बॉस मराठी'त दिसले, तेव्हा कित्येकांना ते नवे होते. या पट्ट्यात त्यांचा आवाज कधीचाच घरोघरी पोचला होता.

या गाण्यांची साथ करणारा बेंजो जवळून पाहावा. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, त्यांवर टाइपरायटरसारखी कळांची रांग. डावा हात कळा दाबतो, उजव्या हातातली नखी तारा छेडते, आणि पिकअप बसवून आवाज थेट भोंग्यापर्यंत नेलेला असतो. अमेरिकन कंट्री संगीतातल्या बँजोशी याचं नावापुरतंच नातं आहे. तो बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी घडवला. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ १९१२ साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ताईशोगोतोत आहे. जपानी वाद्य, अमेरिकन नाव, कोळी ठेका, मध्येच लावणीची उठावण आणि लगेच सिनेमातलं गाणं, हे सगळं एका दमात वाजतं.

याला भेसळ म्हणणारे आहेत. त्यांनी संगीतकार सी. रामचंद्र आठवावेत. पुणतांब्याच्या या माणसाने 'शहनाई' (१९४७) आणि 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांत गोव्याच्या वादकांना घेऊन जॅझची लय हिंदी गाण्यात मुरवली आणि चितळकर या नावाने तो स्वतः गायलाही. तिकडे १९६२ साली रे चार्ल्स या सोल गायकाने कंट्री गाण्यांची अख्खी तबकडी केली आणि ती अफाट गाजली. मिसळण्यात दोष नसतो, कानाला ते उमजावं लागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हळदीची पुष्कळ गाणी एकाच ठेक्यावर चालतात आणि शब्द भरताड असतात. हे खरं आहे, मान्य करायलाच हवं. पण भावगीतातलंही सुमार ते काळाच्या चाळणीतून गळून गेलं, म्हणून आज आपल्याला फक्त निवडक दिसतं. आगरी गाण्याला अशी चाळणी लावणारा समीक्षकच मिळालेला नाही.

आता ध्वनिमुद्रण घरच्या खोलीत होतं आणि गाणं यूट्यूबवर चढतं, म्हणून गायक स्वतंत्र झाला असं मानलं जातं. माझ्या मते तो अर्धाच स्वतंत्र झाला. कायद्याच्या नजरेत गीत, चाल आणि ध्वनिमुद्रण ही तीन वेगळी मालमत्ता आहे, आणि घाईत सही करणारा तिन्ही एकदम देऊन बसतो. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कुणाला लिहून देता येत नाही. तेव्हा स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या इथल्या प्रत्येक मुलामुलीने करारावर सही करण्याआधी तो नीट वाचावा आणि १९६९ पासून काम करणाऱ्या 'आयपीआरएस' या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घ्यावं. हळदीसाठी रचलेल्या गाण्याचे शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो.