चावा बसलाच, तर आधी नळाखाली

२०२४ मध्ये देशभरात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्याचं केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुणं हा पहिला उपचार. पोटरीला दात लागले असतील, तर फेस टाचेपर्यंत ओघळू द्यावा. वरवर पाणी मारून भागत नाही. हळद, चुना, मिरचीपूड अजिबात नको! मग लगेच रेबीजची लस घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती पहिल्या दिवसानंतर ३, ७ आणि २८व्या दिवशी त्वचेत टोचतात. रक्त आलं असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, थेट जखमेत द्यावं लागतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं.

सोसायटीतलं पाळीव कुत्रं भटक्यांच्या तावडीत सापडलं, तर त्याचीही जखम हातमोजे घालून धुवावी. आधी लस झालेली असली, तरी पशुवैद्याकडून बूस्टर घ्यावाच.